मावळातील शरद

भाद्रपदाचा उत्तरार्ध लागला, की सह्याद्रीच्या माथ्यावर चार महिने मुक्काम ठोकून बसलेले ढग हळूहळू उठू लागतात. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे किल्ले आषाढापासून धुक्यात दडलेले असतात. ते एका सकाळी स्वच्छ धुतलेले असे समोर उभे राहतात. ओढ्यांचे गढूळ पाणी निवळते. खाचरांच्या बांधांवर पिवळी रानफुले उमलतात आणि भाताच्या पोटरीतून कणसे बाहेर पडू लागतात. मावळात शरद ऋतू आला हे सांगण्यासाठी पंचांग उघडावे लागत नाही.

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, जेथे दख्खनचे पठार संपते आणि कोकणचा कडा सुरू होतो, तेथील दऱ्याखोऱ्यांच्या मुलखाला मावळ म्हणतात. सूर्य जिकडे मावळतो तिकडचा प्रदेश, म्हणून मावळ, अशी या नावाची उपपत्ती सांगितली जाते. पूर्वी एका एका नदीच्या खोऱ्याला एक एक मावळ म्हणत. आजच्या मावळ तालुक्यात आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ अशी तीन खोरी आहेत. यांतील पश्चिमेकडच्या भागात पाऊस अतोनात. लोणावळ्याला वर्षात चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तोच पूर्वेकडे वडगाव, तळेगावकडे सरकावे तसा झपाट्याने कमी होत जातो. असा मुलूख भाताचाच असणार. ज्येष्ठात पेरणी, आषाढात गुडघाभर चिखलात लावणी, श्रावणात बेणणी आणि मग वाट पाहणे. ही वाट पाहण्याचे दिवस ते शरदाचे दिवस. आश्विन आणि कार्तिक या दोन महिन्यांत मावळात जे जे सण येतात, त्यांतील बहुतेकांच्या मागे भाताचे शेत उभे आहे. एवढे ध्यानात ठेवले, की या सणांच्या पुष्कळ चालीरीती, ज्या वरवर पाहता केवळ विचित्र वाटतात, आपोआप उलगडू लागतात.

सर्वपित्री अमावास्या सरली, की दुसऱ्या दिवशी आश्विन शुद्ध प्रतिपदेला घटस्थापना होते. घरातील कर्ती स्त्री किंवा पुरुष शेतातील माती आणतो. ती चाळून पत्रावळीवर किंवा परडीत पसरतात, तीत गहू, ज्वारी, हरभरा असे धान्याचे दाणे पेरतात आणि मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवतात. घटातील पाणी मातीला झिरपत राहते. वर रोज फुलांची एक माळ चढते आणि शेजारी अखंड दिवा तेवतो. देव्हाऱ्याच्या अंधारात दाणे फुटतात व नवव्या दिवसापर्यंत वीतभर उंचीचे अंकुर डोलू लागतात. हे अंकुर हिरवे नसून पिवळसर असतात. ऊन लागल्यावाचून पानात हिरवे द्रव्य तयार होत नाही, हे शाळेत शिकवले जाणारे शास्त्र देव्हाऱ्यात डोळ्यांनी दिसते. दसऱ्याला घट उठला, की पुरुष हे तुरे टोपीत किंवा पागोट्यात खोवतात. भात निघाल्यावर त्याच खाचरांत हरभरा, मसूर, वाल पेरायचा असतो. घरातले बी रुजते की नाही, हे पाहण्याची ही जुन्या शेतकऱ्यांची युक्ती असावी, असे काही जाणते लोक म्हणतात. तसे असेल किंवा नसेलही. परंतु ज्याच्या घटातील अंकुर दाट उठतात त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मात्र शेतकऱ्याचाच असतो. ज्यांच्या जमिनी विकल्या गेल्या, त्यांच्या घरीही घट बसतोच. शहरांच्या बाजारांत आता घटासाठी माती पुडीत बांधून विकत मिळते. एकेकाळी जी गोष्ट उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताच मिळे, ती पैसे मोजून आणावी लागते.

नवरात्राचे नऊ दिवस मावळातील सर्वांत मोठी गर्दी होते ती कार्ल्याच्या डोंगरावर, एकवीरा देवीच्या देवळात. मळवली स्थानकावर उतरून लोक कार्ल्याकडे निघतात आणि पायऱ्या चढून वर जातात. त्यांत मावळचे लोक असतातच. पण मुंबई, ठाणे, रायगड येथील कोळी आणि आगरी समाजांची माणसे फार मोठ्या संख्येने असतात. एकवीरा ही त्यांची कुलदेवता. समुद्रावर पोट असणाऱ्या लोकांची देवी घाटमाथ्यावर, समुद्रापासून इतक्या दूर कशी, असा प्रश्न कोणालाही पडेल. याचे उत्तर कार्ल्याची भौगोलिक स्थितीच काही अंशी देते. कोकणातील बंदरांतून निघालेला माल बोरघाट चढून याच वाटेने देशावर जात असे. व्यापारी, तांडे, प्रवासी सगळे याच डोंगराखालून जात. समुद्र आणि डोंगर यांचे नाते येथे दोन हजार वर्षांचे आहे.

या नात्याची साक्ष देवळाच्या पाठीशीच आहे. एकवीरेचे देऊळ उभे आहे ते एका प्रचंड बौद्ध लेण्याच्या तोंडाशी. कार्ल्याचे हे चैत्यगृह खडकात कोरलेल्या चैत्यगृहांत भारतात सर्वांत मोठे. त्याची लांबी सुमारे ३८ मीटर आहे. छताला बसवलेल्या लाकडी कमानी अद्याप जागच्या जागी आहेत. वैजयंती नगरीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पुरे करविले आणि ते सर्व जंबुद्वीपात उत्तम आहे असे शिलालेखात अभिमानाने कोरून ठेवले. दुसरा एक लेख शरद ऋतूच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने वलूरक येथील, म्हणजे याच लेण्यांतील, भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दान दिले. जे भिक्षू येथे पावसाळ्यात राहतील, मग ते कोणत्याही पंथाचे असोत वा कोठूनही आलेले असोत, त्यांच्यासाठी हे दान होते.

बौद्ध भिक्षू वर्षभर गावोगाव फिरत. पण पावसाळ्यात वाटा बंद होत आणि पिके तुडवली जाण्याचे भय असे, म्हणून ते एके ठिकाणी राहत. यालाच वर्षावास म्हणतात. आषाढी पौर्णिमेनंतर सुरू झालेला हा वास आश्विनी पौर्णिमेला संपे. त्या दिवशी भिक्षू एकत्र जमून एकमेकांना आपल्या चुका दाखविण्याची विनंती करीत आणि पुढील महिन्यात लोक त्यांना नवी चीवरे देत. म्हणजे एकवीरेच्या दर्शनाला आज ज्या दिवसांत लोक डोंगर चढतात, त्याच सुमारास दोन सहस्र वर्षांपूर्वी येथून भिक्षू डोंगर उतरून वाटेला लागत असत. पाऊस उघडला, वाटा मोकळ्या झाल्या, हे दोहोंचे कारण एकच.

नवरात्रात तिन्हीसांजेला घराघरांच्या अंगणांतून मुलींच्या फेर धरून म्हटलेल्या गाण्यांचा आवाज येतो. तो भोंडला. पाटावर हत्तीचे चित्र काढून किंवा मातीचा हत्ती ठेवून त्याची पूजा करतात आणि हात धरून भोवती फिरत गाणी म्हणतात. हत्तीच का? सत्तावीस सप्टेंबरच्या सुमारास सूर्य हस्त नक्षत्रात प्रवेश करतो. हस्त म्हणजे हात. सोंड हाच ज्याचा हात, तो हस्ती, म्हणजेच हत्ती. या नक्षत्राचा पाऊस सोंडेने पाणी उडवावे तसा धो धो येतो, मध्येच थांबतो, पुन्हा येतो. हा पाऊस भातात दाणा भरण्याच्या वेळी उपयोगी पडतो, म्हणून त्याचे स्वागत. भोंडल्याच्या गाण्यांतून सासर-माहेरचे रुसवे, सासूचे टोमणे, भावाची वाट पाहणे असे पुष्कळ येते. लहान वयात लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलींना मनातले बोलण्यास एवढेच एक अंगण मोकळे होते. आता तशी लग्ने होत नाहीत, पण गाणी राहिली आहेत. मुलींचे खरे लक्ष असते ते शेवटच्या खिरापतीवर. डबा झाकूनच आणावयाचा आणि आत काय आहे ते सर्वांनी ओळखावयाचे. घरच्या मुलीने डबा हलवून आवाज ऐकवायचा. आंबट की गोड, एवढेच सांगावयाचे. जिची खिरापत कोणालाच ओळखता येत नाही, तिचा भाव त्या संध्याकाळी वधारतो.

दसऱ्याला दारावर झेंडूच्या फुलांचे आणि आंब्याच्या पानांचे तोरण चढते. त्यातच भाताच्या हिरव्या-पिवळ्या लोंब्या गुंफतात. घरात नांगर, कोयता, विळा, कुऱ्हाड धुऊन मांडतात आणि हळदकुंकू वाहतात. विळ्याला तर लगेच कामावर जावयाचे असते, तेव्हा त्याची धारही याच वेळी पाहून घेतात. मोटारीला आणि यंत्राला हार घालण्याची चाल याच प्रथेची पुढची पायरी होय.

सायंकाळी लोक गावाची शीव ओलांडून जातात व परत येतात. हे सीमोल्लंघन. मावळात या शब्दाला वेगळेच वजन आहे, कारण शिवाजी महाराजांचे पहिले सोबती याच खोऱ्यांतून निघाले आणि मराठी फौजा दसऱ्याच्या सुमारास मोहिमेवर बाहेर पडत. यामागेही हवामानच आहे. पावसाळ्यात नद्या दुथडी, वाटांवर चिखल, घोड्यांना चालणे अशक्य. दसऱ्याला नद्या उतारू झालेल्या, जनावरांना चारा मुबलक आणि पुढे आठ महिने कोरडे. तळेगाव हे सेनापती दाभाडे यांचे गाव. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत सेनापती त्रिंबकराव दाभाडे कामास आले. त्यानंतर त्यांच्या मातोश्री उमाबाई यांनी स्वतः गुजरातेतील मोहिमेचे नेतृत्व केले. अशा घराण्यांच्या गावी सीमोल्लंघन म्हणजे कित्येक घरांतून माणूस खरोखरच बाहेर पडण्याचा दिवस होता. जाणारा परत येईलच, अशी शाश्वती नसे. म्हणूनच तो निघताना त्याला ओवाळीत.

आपट्याची पाने सोने म्हणून एकमेकांना देण्याची चाल सर्वांना ठाऊक आहे. कौत्स नावाच्या शिष्याला गुरुदक्षिणा देता यावी म्हणून कुबेराने रघुराजाच्या राज्यात झाडावर सुवर्णमुद्रांचा वर्षाव केला आणि गुरूला द्यावयाच्या तेवढ्या घेऊन कौत्साने बाकीच्या लोकांना लुटण्यास दिल्या, अशी कथा सांगतात. कथा सुंदर आहे. परंतु तिच्या पायी आपट्याचे झाड मात्र दरवर्षी ओरबाडले जाते. रानातून गाडीभर फांद्या तोडून शहरांच्या बाजारात येतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कचऱ्यात पडलेल्या दिसतात. शिवाय विकली जाणारी कित्येक पाने आपट्याची नसून कांचनाची असतात. दोन्ही झाडे एकाच कुळातील, दोन्हींचे पान मध्ये दुभंगलेले. पण आपट्याचे पान लहान व जाडसर, तर कांचनाचे मोठे. हातात एक पान घेऊन पाहिले तरी फरक कळतो. सोन्याला नमस्कार करावयाचा, तर एक पान पुरते.

विजयादशमीला आणखी एक महत्त्व आहे. १९५६ साली याच तिथीला, १४ ऑक्टोबर रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तत्पूर्वी, २५ डिसेंबर १९५४ रोजी, त्यांच्या हस्ते मावळाच्या वेशीवरील देहूरोड येथे बुद्धमूर्तीची स्थापना झाली होती. त्यामुळे या भागातील बौद्ध कुटुंबांत दसऱ्याचा दिवस धम्मचक्र प्रवर्तन दिन म्हणून पाळला जातो. कार्ल्याच्या लेण्यांनी पाहिलेला जुना धर्म अशा रीतीने त्याच खोऱ्यात पुन्हा घराघरांत आला.

पाच दिवसांनी कोजागरी येते. आटवलेल्या दुधात चंद्राचे प्रतिबिंब पाहून ते पिण्याची आणि घरातील थोरल्या अपत्याला ओवाळण्याची ही रात्र. लक्ष्मी 'कोण जागे आहे?' असे विचारीत फिरते, अशी समजूत आहे. हीच नवान्न पौर्णिमा. हळवे, म्हणजे लवकर तयार होणारे, भात यावेळी काही ठिकाणी हाताशी आलेले असते. त्याचे पहिले तांदूळ देवाला दाखवून मगच घरात खाण्यास घेतात.

नव्या पिकाचा पहिला घास आधी दैवताला, ही कल्पना केवळ आपल्याकडची नाही. यूरोपच्या नैर्ऋत्य टोकाला स्पेन नावाचा देश आहे. तेथेही हे दिवस सुगीचेच. मात्र तेथील सुगी द्राक्षांची. लोग्रोन्यो या गावी सप्टेंबरच्या २१ तारखेस संत मॅथ्यू याचा सण असतो. त्या उत्सवात लाकडी टिपात द्राक्षे ओतून माणसे ती अनवाणी पायांनी तुडवितात आणि निघालेला पहिला रस वाल्वानेराच्या मेरीमातेला अर्पण करतात. त्याच देशातील कातालोनिया प्रांतात १ नोव्हेंबरच्या सुमारास लोक आपल्या मृत आप्तांच्या थडग्यांवर फुले वाहून येतात आणि भाजलेले चेस्टनट व रताळी खातात. एकीकडे पितरांचे स्मरण आणि दुसरीकडे त्या ऋतूत जमिनीतून निघालेले खाणे, ही जोडी आपल्या सर्वपित्रीच्या ताटातही असतेच. रताळी तर दोन्हीकडे आहेत. आपल्याकडे ती नवरात्राच्या उपवासाला चालतात.

कोजागरीनंतर मात्र मावळातील शेतकरी आकाशाकडे जरा साशंक मनाने पाहू लागतो. सूर्य आता चित्रा नक्षत्रात असतो. 'पडतील चित्रा, तर भात खाईना कुत्रा' अशी म्हण आहे. तिचा अर्थ दोन तऱ्हांनी लावतात. कोणी म्हणतात, चित्रांचा पाऊस पडला तर भात इतके उदंड पिकते की कुत्रेही त्याकडे ढुंकून पाहत नाही. कोणी म्हणतात, पिकल्या भातावर हा पाऊस पडला तर दाणा असा खराब होतो की कुत्रेही तो खात नाही. दोन्ही अर्थ आपापल्या जागी खरे असावेत. गरव्या, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, भातात अजून दाणा भरत असतो, त्याला पाणी हवे असते. हळवे भात कापणीला आलेले असते, त्याला तेच पाणी आडवे करते. शेजारी शेजारी खाचरे असलेले दोघे शेतकरी एकाच पावसाकडे पाहतात आणि एकाला तो वर वाटतो, दुसऱ्याला शाप.

मावळचे जुने नामांकित भात म्हणजे आंबेमोहोर. शिजताना त्याला आंब्याच्या मोहोराचा वास सुटतो, म्हणून हे नाव. परंतु त्याचे रोप उंच, वाऱ्यापावसाने लवकर लोळणारे आणि उत्पन्न थोडे. वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आय.आर. ८ या जातींच्या संकरातून एक नवी जात तयार करण्यात आली व १९८७ मध्ये ती शेतकऱ्यांना दिली गेली. मावळातून वाहणाऱ्या नदीवरून तिला 'इंद्रायणी' असे नाव मिळाले. आज मावळातील खाचरांत बहुतांशी हीच दिसते.

भात कधी पिकेल हे सूर्यावर आणि पावसावर अवलंबून असते. सण कधी येईल हे चंद्रावर. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान. म्हणून सण दरवर्षी तितके अलीकडे येतात आणि अधिक महिना आला की पुन्हा मागे ढकलले जातात. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, तेव्हा लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आले. २०२५ मध्ये ते २१ ऑक्टोबरला आले. शहरात या तीन आठवड्यांनी काही बिघडत नाही. मावळात मात्र दिवाळी लवकर आली, तर भात शेतात उभे आणि हात रिकामे. उशिरा आली, तर भात खळ्यावर आणि घरात माणूस सापडत नाही. सणाला कपडे घेण्याचे पैसेही त्याच भातातून यावयाचे असतात. २०१९ च्या दिवाळीत अरबी समुद्रात 'क्यार' नावाचे चक्रीवादळ उठले होते. त्या दिवसांतील अवेळी पावसाने कोकण व सह्याद्रीलगतच्या भातपट्ट्यात कापणीला आलेले पीक भिजले. कापून ठेवलेल्या भाताच्या कवळ्या पाण्यात तरंगू लागल्या आणि लोंबीतच दाण्यांना कोंब फुटले. आकाशकंदील तेव्हाही लागले होते, पण ते लावणाऱ्यांचे लक्ष शेताकडे होते.

आश्विन वद्य द्वादशीला वसुबारस असते. या दिवशी सवत्स गाईची पूजा होते आणि पुष्कळ घरांत गाईचे दूधतूप खात नाहीत. ते त्या दिवशी वासराचे. सह्याद्रीच्या रांगेत राहणारे महादेव कोळी, ठाकर इत्यादी आदिवासी याच तिथीला वाघबारस पाळतात. शिवेवर शेंदूर लावलेला दगड किंवा कोरलेली वाघाची मूर्ती असते, तो वाघोबा. गुराखी मुले घरोघर फिरून तांदूळ-गूळ मागून आणतात, रानात खीर शिजवतात आणि आमच्या गुरांना सांभाळ, असे वाघोबालाच विनवतात. गाईची पूजा आणि गाईला मारणाऱ्याची पूजा एकाच दिवशी! हे विसंगत वाटेल. परंतु ज्याला गुरे घेऊन रोज त्याच रानात जावयाचे आहे, त्याने वाघाशी वैर धरून कसे चालेल? मावळच्या रानांत बिबटे आजही आहेत.

दिवाळीत मोठ्यांचे दिवे आणि मुलांचे किल्ले. सहामाही परीक्षा संपताच मुले माती, दगड, पोती गोळा करू लागतात. किल्ला उभा राहिला, की त्यावर अळीव किंवा मोहरी पेरतात; तीन-चार दिवसांत गडावर हिरवे रान उगवते. शहरातील मुलांना किल्ल्याचा आकार पुस्तकातील चित्रावरून ठरवावा लागतो. मावळातील मुलाला अंगणातून मान वर केली, की पुरे. लोहगडाचा विंचूकाटा, म्हणजे विंचवाच्या नांगीसारखी लांबच लांब पसरलेली सोंड, मातीत साधणे सर्वांत कठीण. ती नेमकी मध्येच ढासळते. मग गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक वळणावळणाने रचावयाचे. खऱ्या गडावर नारायण दरवाजाजवळ एक भुयार आहे. त्यात भात व नाचणी साठवीत असत असे सांगतात. किल्ला म्हणजे केवळ तट आणि तोफा नव्हेत, आत कोठारही लागते, ही गोष्ट मातीचे किल्ले करणारे बहुतेक विसरतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत लोहगड आहे.

नरक चतुर्दशीला पहाटे उटणे लावून अभ्यंगस्नान होते आणि कारीट नावाचे कडू फळ पायाच्या अंगठ्याने चिरडतात. लक्ष्मीपूजनाला केरसुणीलाही हळदकुंकू मिळते आणि नैवेद्याला साळीच्या लाह्या व बत्तासे असतात. साळ म्हणजे भातच. बलिप्रतिपदेला बळीराजाची आठवण करून इडापिडा टळावी आणि बळीचे राज्य यावे, असे म्हणतात. देवांनी पाताळात दडपलेल्या राजाचे राज्य परत यावे, ही प्रार्थना करणारा हा सण शेतकऱ्यांना विशेष जवळचा वाटतो, यात नवल नाही. त्या दिवशी गुरांना धुऊन, शिंगे रंगवून ओवाळतात. अनेक गावांत अंगणात शेणाच्या गवळणी मांडतात.

पवन मावळात या दिवसांत धरण काठोकाठ भरलेले असते. हे धरण १९७० नंतरच्या काही वर्षांत पुरे झाले आणि पवनेच्या काठची कित्येक गावे व खाचरे पाण्याखाली गेली. तेथील वाघेश्वराचे जुने देऊळ शरदात पाण्याच्या तळाशी असते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ते बाहेर येते. म्हणून त्याच्या दर्शनाला लोक जातात ते उन्हाळ्यात. दिवाळीचा दिवा तेवढा काठावरून दाखवावा लागतो.

कार्तिक शुद्ध द्वादशीपासून तुळशीची लग्ने लागतात. उसाचा मांडव, बोरे, चिंचा, आवळे, सगळे त्या दिवसांत रानात तयार झालेले. तोवर भात खळ्यावर आलेले असते. कवळ्या फळीवर झोडतात, पेंढा एकीकडे रचतात आणि वाऱ्याच्या तोंडाशी उभे राहून सुपाने भात उफणतात. फोल उडून जाते, दाणा पायाशी पडतो. रिकाम्या झालेल्या खाचरात ओल आहे तोवर हरभरा पेरण्याची घाई असते.

नेमक्या त्याच वेळी बोरघाटातून टाळमृदंगाचा आवाज वर येऊ लागतो. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावलेली इंद्रायणी मावळातून वाहत देहू-आळंदीला जाते. आळंदीला ज्ञानेश्वरमहाराजांनी शके १२१८, म्हणजे इसवी सन १२९६ मध्ये, कार्तिक वद्य त्रयोदशीला समाधी घेतली. त्या सोहळ्यासाठी कोकणातील दिंड्या घाट चढून येतात आणि खंडाळा, लोणावळा, कामशेत, वडगाव अशा वाटेने पायी जातात. पूर्वी ही वाट बैलगाड्यांची होती; आता तिच्यावरून मोटारींची रीघ धावत असते आणि वारकऱ्यांना रस्त्याची कड धरून जपून चालावे लागते. वाटेवरच्या गावांत त्यांच्यासाठी चुली पेटतात. पंगतीत वाढला जाणारा भात त्या साली निघालेलाच असतो; वाफेबरोबर त्याचा वास रस्त्यापर्यंत येतो. जेवण आटोपले, की पताका पुन्हा खांद्यावर चढतात आणि कापलेल्या खाचरांच्या कडेने दिंडी पूर्वेकडे निघून जाते.